एका डब्ब्यात एक अक्षर

तेव्हा त्या दुकानात कोण कोण होतं ते पयले सांगून देतो. मी होती. माहा पुतण्या गजानन होता, त्याच्याच गाडीवर बसून मी देवळीले आलती. बाबूजी होते, खुर्चीत, वैशाखाच्या उन्हात गळ्याले मफलर गुंडाळून. त्याईची सून शोभा होती, ती कंप्युटरवर बसे. बोरगाव मेघेचे एक साहेब होते, बँकेतून रिटायर झालेले. अन् दाराशी मोत्या होता, म्हणजे कुत्रा. त्याले मोजलं नाई तं बाबूजीले राग आला असता, म्हून त्याचं बी नाव घेतलं.

हे गजाननची पोरगी लिहून घेऊन राह्यली. मले सही येते, बसवरची पाटी वाचता येते, त्याच्या पुढं नाई. दुसरीत असताना शाळा सुटली.

बाबूजीचं दुकान देवळीच्या बसस्टँडच्या मागं. आधी ते तहसिलीपुढं टाइपची मशीन घेऊन बसत, लोकाईचे अर्ज लिहून देत. अर्जनवीस म्हणत त्याईले. मंग सगळे अर्ज कंप्युटरवर गेले, तं त्याईनं सुनेले कंप्युटर शिकवला अन् आपण पेन घेऊन बाजूले बसले. लोक आधार घेऊन येत, पीकविमा घेऊन येत, पण बाबूजीचा जीव पासपोर्टच्या फारमात. ते फारम आलं का बाकीचे लोक बाकावर सुकत बसत.

फारम कंप्युटरवर भराचं असते. बाबूजी पयले कागदावर भरत. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करत, पट्टी घेत, अन् रांगेनं चौकोन आखत. त्या चौकोनाईले ते डब्बे म्हणत. "एका डब्ब्यात एक अक्षर. दोन कोंबले का माणूस परत." सगळे डब्बे भरले का मोठ्यानं वाचून दाखवत, अन् ज्याचं फारम त्याले उभं करत. उभं राहून म्हणा लागे, "हाव, हे मीच." ते म्हणल्याशिवाय कागद सुनेच्या हाती देत नसत. मोठमोठे लोक तिथं उभे राहून हाव हे मीच म्हणत.

दुकानात पंखा होता, लावत नसत. "कागद उडाला का माणूस उडाला," म्हणत. अन् मफलर कायले तं घाम कागदावर पडू नये म्हून. थेंब पडाच्या आधी मफलरनं टिपून घेत. वर्ध्याकडचं ऊन कसं असते ते काय सांगाव. त्या दुकानात माणूस उकडून निघे, पण कागद कोरडा राहे.

कोणालेच अर्ध्या नावानं हाक मारत नसत. चहावाल्याले बी त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, असं सगळं लावून बोलवत, तं तोवर तो दुसऱ्याले चहा देऊन मोकळा. मोत्या आत आला तं म्हणत, "मोत्या, राहणार बसस्टँड, देवळी, तुमी बाहेर बसा." मोत्या उठून बाहेर जाय. माणसापेक्षा तो लवकर ऐके.

त्या दिवशी ते बँकेचे साहेब म्हणले, "बाबूजी, मले नुसतं रिन्यू कराचं आहे. दोन मिन्टाचं काम."

"रिन्यू गाडीचा विमा होते. पासपोर्ट नवा निघते. जुन्याचा कोपरा कापून हाती देते."

"बरं, नवा तं नवा. पत्ता तोच टाका."

"राहता कुठं?"

"आता बोरगाव मेघेले. तवा वर्ध्यात भाड्यानं होतो."

"मंग पोलीस त्या भाड्याच्या खोलीवर जाईन. घरमालक सांगन, तो माणूस गेला. गावाले गेला का वर गेला ते नाई सांगन."

शोभानं तोंडाले पदर लावला. साहेबाले पटलं नाई. "फोटो तं जुनाच चालते ना?"

"फोटो तिथंच काढते. अन् साहेब, दहा वर्षांपयले तुमच्या डोक्यावर केस होते. माणूस बदलला, घर बदललं, तुमी म्हणता काईच नाई बदललं. विजेचं बिल घेऊन या, आताच्या घराचं."

साहेब उठून गेले. जाता जाता गजाननले म्हणले, "म्हातारा चक्रम आहे, दुसरीकडं जाय." मंग माहा नंबर.

माहं काम सांगतो. माही एकच पोरगी, रेखा. तिचा बाप ती आठवीत असताना गेला. मी वांगे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावून देवळीच्या बाजारात बसली अन् तिले नर्सचं शिकवलं. लग्न झालं, नवऱ्यासोबत मस्कतले गेली, तिथं दोघंबी कामाले. आठ वर्षं पोट पिकलं नाई. मंग दिवस राह्यले. बीपी वाढे, पाय सुजे. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं का विमानात बसाचं नाई. पयलं बाळंतपण माहेरी होते आपल्यात. ती येऊ शकत नव्हती तं माहेरानं तिच्याकडं जाव, असं ठरलं. माहेर म्हणजे मीच, दुसरं कोण आहे? जवायाची माय खाटेवर पडून. म्हून पासपोर्ट पायजे होता, अन् तो पावसाळा लागाच्या आत पायजे होता.

फोनवर ती दिसे. म्हणे, "आई, विमानात भेव वाटन का तुले?"

मी म्हणलं, "बैलबंडीत बसली, ट्रॅक्टरवर बसली, गजाननच्या गाडीवर बसतो. विमान त्याच्याहून वंगाळ नसन."

ती हासे. हासली का मले तिचं तोंड सुजलेलं दिसे.

तं बाबूजीनं डब्बे आखले. "नाव?"

"सुलोचना."

बापाचं नाव, नवऱ्याचं नाव सांगितलं. मंग म्हणले, "जलम कवाचा?"

"मी झाली तवा घरी भुईमूग उपटून राह्यले होते म्हणे."

त्याईनं आधार पाह्यलं. "अथी एक जानेवारी आहे."

"ते त्याईनंच टाकलं जी."

"असू द्या. या तालुक्यात अर्धे लोक एक जानेवारीलेच जलमले. सगळे कागद एकच खोटं बोलत असन तं चालून जाते. दोन कागद दोन गोष्टी बोलले का माणूस मधात अडकते." असं म्हणून त्याईनं एक जानेवारी लिहिली. तारखेले ते सोडून देत. नावाले नाई.

मंग गजाननले म्हणले, "पोरीचा पासपोर्ट दाखव. शेवटचं पान." त्याच्या मोबाईलवर फोटो होता. बाबूजीनं चष्मा नाकावर आणला, वाचलं, अन् पेन खाली ठेवला.

"पंचफुला कोण?"

सासरी येऊन चाळीस वर्षं झाली असन, इकडं ते नाव कोणी घेतलं नव्हतं.

"मीच," मी म्हणलं.

त्याचं असं आहे. माहेरी मी पंचफुला. सासूचं नाव फुलाबाई. एका घरात दोन फुला चालत नाई, सुनेले हाक मारली तं सासूचं नाव तोंडात येते. म्हून लग्नात ताटात तांदूळ पसरून त्याईनं आंगठीनं सुलोचना लिहिलं. मले वाचता नाई आलं, पण मी मान हालवली. त्या दिवशी पंचफुला माहेरच्या मांडवातच राह्यली. पुढं रेखा झाली माहेरी. जलमाची नोंद कराले माहा भाऊ गेला. त्याले इचारलं, मायचं नाव काय. त्याच्यासाठी मी पंचफुलाच, तं त्यानं ते सांगितलं. तेच शाळेत गेलं, तेच नर्सच्या कागदावर, तेच पासपोर्टवर. रेखाले वाटे का माय अशीच दोन नावाची असते. मले वाचता येत नाई, मी काई पाह्यलं नाई.

गजानन म्हणला, "बाबूजी, सुलोचना लिहा अन् पुढं चला. वर्ध्याचा एक एजंट म्हणते आठ दिवसात देतो."

"देईन तो. पासपोर्ट भेटन बी. अन् तिकडं दारात इचारलं, पोरगी पंचफुलाची, तू सुलोचना, तू कोण? मंग तुह्या एजंटले फोन लावजो."

"कोण इचारते जी एवढं?"

"कोणीच नाई इचारलं तं मी चुकलो. एकानं इचारलं तं बाई चुकली." मंग माह्याकडं वळले. "फारमात इचारलं आहे, दुसरं नाव आहे काय. आहे तं आहे लिहा. त्याले नोटरीचा कागद लागन, दोन पेपरात छापून आणा लागन, थोडे दिवस जास्त जाईन. तुमी सांगा. तुमचं नाव आहे, भाच्यापुतण्याचं नाई."

त्याईनं तवर डब्बे भरलेच होते. मोठ्यानं वाचलं, सुलोचना उर्फ पंचफुला, नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, राहणार अमुक. मी उभी झाली.

"हाव," मी म्हणलं, "हे मीच."

आता जे सांगतो ते मी कोणाले सांगितलं नाई. मले पोरीच्या कामासाठी दोन नावं बरोबर वाटली, असं सगळे समजले. तसं नव्हतं. मले ते नाव कोणीतरी मोठ्यानं वाचल्याचं बरं वाटलं. तेवढ्यासाठी मी हाव म्हणली. एजंटकडं गेली असती तं आठ दिवसात झालं असतं, हे तवा बी मले समजत होतं.

नोटरी झाली, पेपरात छापून आलं, एका मराठी अन् एका इंग्रजी. वर्ध्याले पोस्टाच्या इमारतीत त्याईचं हापिस आहे, तिथं तारखेवर गेलो. फोटो काढला, बोटं घेतली, कागद पाह्यले. ती बाई चांगली होती, मले पाणी देलं. म्हणली, आता फक्त पोलिसाची चौकशी राह्यली.

पोलीस आला तवा मी बाजारात होती. बाजाराचा शनिवार नव्हता, पण लग्नसराई होती, वांगे खपत. घरी कुलूप पाहून तो शेजारी गेला. शेजारी माही धाकटी जाऊ, गजाननची काकू. भिंतीले भिंत, माह्यानंतर बारा वर्षांनं ती त्या घरात आली. त्यानं इचारलं, सुलोचनाबाई अथीच राहते का. ती म्हणली हाव. त्यानं इचारलं, ते पंचफुला बी तेच का.

संध्याकाळी मी टोपलं उतरवून राह्यली होती तं जाऊ कुडापाशी आली. "जिजी, आज तुमची जमीन वाचवली मी."

"काय झालं वं?"

"पोलीस आलता. जमीन लाटाले तुमच्या नावाले कोणी दुसरीच बाई चिटकवली कागदावर. पंचफुला का काय. मी ठणकावून सांगितलं, या गावात अशी बाई नाई, कधी नव्हती, लिहून घ्या म्हणलं. त्यानं लिहून घेतलं."

मी टोपलं खाली ठेवलं. एवढे वर्षं एका विहिरीचं पाणी पेलो, तिले माहं नाव माहीत नाई, मी कधी सांगितलं नाई. आत चहा घ्याले बोलवलं, तवा सांगितलं. ती रडली. म्हणे, एवढं मोठं नाव लपवून ठेवलं का जिजी.

दुसऱ्या दिवशी बाबूजीकडं गेली. गजानन जाऊले शिव्या देऊन राह्यला होता. बाबूजीनं पट्टी टेबलावर आपटली, तो गप झाला. म्हणले, "ती बाई खरं बोलली. त्या गावात पंचफुला राहतच नाई. जिथं राहे तिथली गवाही आणा."

माहं माहेर आर्वीकडं. भाऊ तं गेला, भावजय आहे. पेरणीचे दिवस, सगळे वावरात, पंचायतीत कोणी भेटे ना. मी तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेले झाडाखाली बसलेला एक म्हातारा ओरडला, "पंचफुले, कवा आली वं?" मी त्याले ओळखलं नाई. त्यानं सांगितलं तवा समजलं का हा आमच्या शेजारचा, माह्यासोबत बोरं वेचे. त्यानं आंगठा देला, भावजयीनं देला, पंचायतीचा कागद भेटला. तो कागद वर्ध्याले पोचता केला. इकडं डिंकाचे लाडू बांधून ठेवले होते. रेखा फोनवर इचारे, "आई, किती दिवस?" मी म्हणो, "आलंच." ती म्हणे, "घाई नोको करजो, मी थांबतो."

आषाढात एके सकाळी मी वांगे तोडून राह्यली होती तं जवायाचा फोन आला. रेखाले झटके आले होते. पोट कापून पोरगी काढली, ती अपुऱ्या दिवसाची पण जिती. रेखा गेली. मी इचारलं, कवा? तो म्हणला, काल. मी म्हणलं, बरं. वांगे अर्धेच तोडले होते, बाकीचे तोडून घेतले. दुसरं काय कराव ते समजत नव्हतं.

जवाई तिले घेऊन नागपूरले आला. पेटी होती. गावात आणलं, केलं सगळं. पोरगी तिकडंच काचेत ठेवली होती, रेखाच्या सोबतच्या नर्साईच्या हवाली. तो चार दिवसात वापस गेला.

त्याच्यानंतर नवव्या दिवशी पोस्टमन आला. पाकिटात पासपोर्ट. म्हणला, "आजी, फॉरेनले निघाल्या वाटते." त्याले माहीत नव्हतं, दुसऱ्या गावचा पोस्टमन होता. मी सही केली.

गावात लोक म्हणाले लागले, त्या चक्रम म्हाताऱ्यानं पोरीले मायच भेटू देली नाई. गजानन म्हणे, जाऊन कंप्युटर फोडतो. मी म्हणलं, खाली बस. उभं राहून हाव मी म्हणलं, त्यानं नाई. लाडवाचं पुढं काय झालं ते मले आठवत नाई. कोणी खाल्ले असन.

दोन महिन्यांनं जवायाचा फोन आला का पोरीले घेऊन जा, मले नौकरी सोडता येत नाई अन् हिले पाहाले कोणी नाई. मंग मी गेली. गजानननं मुंबईच्या विमानतळावर आत सोडलं, तिथून एकटीच. विमानात भेव नाई वाटलं. वाटाव असं काई उरलं नव्हतं. तिथं पोरीले माह्यासोबत सोडाच्या कागदावर एका साहेबानं हात थांबवला. जवाई आपल्या भाषेत मले सांगे. साहेब इचारून राह्यला, का मेलेल्या बाईच्या मायचं नाव पंचफुला आहे, अन् ही तं सुलोचना. मी पिशवीतून नोटरीचा कागद काढून देला. त्याईनं दोनदा वाचला, माह्या तोंडाकडं पाह्यलं, शिक्का मारला. पोरगी माह्या मांडीवर देली.

आता तुमी सांगा, बाबूजी बरोबर होते का चूक. मी सात वर्षं झाली, ठरवू शकली नाई. त्या कागदानं माही पोरगी माह्यापासून तोडली अन् त्याच कागदानं तिची पोरगी मले भेटली. कधी असं वाटते, कधी तसं. वांगे निंदताना जास्त वाटते.

वापस आल्यावर मी देवळीले गेली. भांडाले गेलती, खरं सांगतो. पोरगी कडेवर होती. काय काय बोलाचं ते बसमधी जुळवून ठेवलं होतं. बाबूजी तसेच बसले होते, मफलर, पट्टी, कॅलेंडर. माह्याकडं पाह्यलं अन् उभे झाले. आधी कोणासाठी उठत नसत. शोभानं सांगितलेलं होतं त्याईले सगळं.

मी म्हणलं, "बाबूजी, तुमच्या डब्ब्याईनं माही पोरगी नेली."

ते म्हणले, "हाव."

हाव म्हणलेल्या माणसाशी कसं भांडाव? मी बाकावर बसली. शोभानं पाणी देलं. पोरगी रडाले लागली तं बाबूजीनं तिचा पासपोर्ट मागितला. मस्कतच्या आपल्या सरकारी हापिसानं तिले बी एक काढून देला होता, एवढ्याशा तोंडाचा फोटो, डोये मिटलेले. त्याईनं शेवटचं पान उघडलं अन् मोठ्यानं वाचलं. मायचं नाव, रेखा. मंग बोट ठेवून पुन्हा वाचलं. पासपोर्ट मिटवून माह्या हाती देला.

मी इचारलं, "तुमी असे काऊन जी? सगळं जग एक नाव टाकून मोकळं होते."

शोभा म्हणली, "दाखवून द्या ना बाबा, त्याईले तं दाखवा." मंग त्याईनं टेबलाचा खालचा कप्पा उघडला. त्यात कॅलेंडरचं एक पान होतं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. त्याईचं सोताचं फारम. डब्बे आखलेले. नाव भरलेलं, बापाचं भरलेलं, गाव, तारीख सगळं भरलेलं. मधात एक पूर्ण ओळ खाली. मले वाचता येत नाई, पण रिकामी ओळ दिसते.

"हे मायचं," ते म्हणले.

त्याईची माय तळेगावची. तळेगाव म्हणलेलं बी त्याईले चालत नसे, तळेगाव श्यामजी पंत म्हणा लागे, आष्टीकडचं. तिचे मायबाप ल्हानपणीच गेलते, मामानं लग्न लावून देलं देवळीले. माहेर नव्हतं म्हून बाळंतपण सासरीच झालं. बाबूजी झाले अन् बाराव्या दिवशी ती गेली. घरात तिले सगळे तळेगाववाली म्हणत. बायकोचं नाव घ्याची रीत नव्हती तं बापानं कधी घेतलं नाई. मंग बापानं दुसरी केली. शाळेच्या कागदावर त्या दुसरीचं नाव लागलं. मोठे झाल्यावर बाबूजीनं इचारलं तवर बाप गेला होता, आत्या गेली होती. तळेगावले तीनदा जाऊन आले. मामा गाव सोडून कुठं गेला ते कोणाले माहीत नाई. एक म्हातारा म्हणला, त्या वर्षी गावातून पाच सहा पोरी उजवल्या, कोणती तुही?

मी म्हणलं, "मंग त्या दुसरीचं लिहा. शाळेच्या कागदावर आहे तेच. कोण धरते?"

"तिनं वाढवलं मले. तिचं लिहिलं तं पाप नाई. पण मंग ती पयली कुठंच राह्यत नाई, बाई. कोणत्याच कागदावर नाई. ना जलमाच्या, ना मरणाच्या."

"तुमाले कुठं जाचं होतं विमानानं?"

"कुठंच नाई. फारम भरून पाहाचं होतं." पान घडी करून त्याईनं कप्प्यात ठेवलं. पोरगी शांत झाली होती. मी उठली अन् घरी आली.

त्याच्यानंतर मी बाजाराच्या दिवशी दुकानात जात जाय. सांभाराची जुडी ठेवो, बसो. आमचं बोलणं काई नसे. पोरगी मोठी होत गेली, बाबूजी तिले तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं लावून हाक मारत. ती बी त्याईले तसंच बोलवाचा हट्ट करे. लोक तिथं येत, उभं राहून हाव हे मीच म्हणत. कोणी चिडून उठून जाय. ते बँकेचे साहेब बी आले एकदा विजेचं बिल घेऊन.

गेल्या उन्हाळ्यात बाबूजी गेले. खुर्चीतच, पंखा बंद. शोभा नगरपरिषदेत नोंद कराले गेली, मी तिच्यासोबत होती. तिथल्या पोरीनं इचारलं, मयताच्या आईचं नाव. शोभा माह्याकडं पाहाले लागली. शाळेच्या दाखल्यावरचं सांगितलं असतं तं एका मिन्टात झालं असतं. शोभा म्हणली, माहीत नाई. त्या पोरीनं चांगलं इचारलं, खरंच कोणाले माहीत नाई का, थोडे दिवस थांबाचं का. मी म्हणलं, लिहून टाक बाई, माहीत नाई. तिनं लिहिलं.

ते पान शोभानं ठेवलं आहे.

म्हून माहं एकच मागणं आहे. तुमी तळेगाव श्यामजी पंतचे असान, नाईतं तिथं तुमची आजी, आत्या, मावशी कोणी म्हातारी असन, तं तिले बसून इचारा. लय वर्षांपयले त्या गावची एक बिनमायबापाची पोरगी मामानं देवळीले देलती. तिले पयलं पोरगं झालं अन् बाराव्या दिवशी ती गेली. तिचं नाव काय होतं ते सांगा. माहेरचं सांगा, सासरचं माहीत असन तं ते बी सांगा. अंदाजानं सांगू नोका. देवळीच्या बसस्टँडच्या मागं शोभाचं दुकान आहे, तिथं निरोप ठेवा. शनिवारी मी तिथं असतो.